सोबत घरचं माणूस

फरशीमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण दुसऱ्या नावाने त्यांना कुणी हाक मारत नसे. तीस वर्षं हा माणूस उकिडवा बसून लोकांच्या घरात फरश्या बसवत होता. ओल्या सिमेंटवर फरशी टेकवायची, रबरी हातोड्याने चारी कोपऱ्यांवर टकटक करायची, पोकळ आवाज आला की न कुरकुरता उचलायची आणि पुन्हा बसवायची. न्हाणीघराला त्यांनी दिलेला ढाळ असा असे की बादली उपडी केली तरी कोपऱ्यात थेंब साचायचा नाही. बोलायला मात्र दगड. दिवसभर खाली मान घालून काम करणाऱ्याला माणसांच्या तोंडाकडे बघायची सवय राहत नाही, असं त्यांची बायको म्हणायची आणि त्यांच्या वाट्याचं बोलणंही तीच उरकून टाकायची.

पुढे एका वर्षी मास्तरांना रक्त पडायला लागलं. मूळव्याध असेल म्हणून त्यांनी ते बरेच दिवस अंगावर काढलं. शेवटी बायकोने हात धरून दवाखान्यात नेलं, आणि आतड्याच्या अगदी शेवटच्या भागाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी तेवढा भाग काढला, खालची वाट कायमची शिवून टाकली आणि उरलेल्या आतड्याचं टोक पोटाच्या डाव्या अंगाला बाहेर आणून बसवलं. त्याला स्टोमा म्हणतात. ओठाच्या आतल्या बाजूसारखा लाल, ओलसर, मोठ्या बटणाएवढा. त्याच्याभोवती एक चिकट चकती बसते आणि चकतीला पिशवी. जे खालून जायचं ते आता पिशवीत जाणार, तेही मास्तरांना न विचारता, त्याला वाटेल तेव्हा.

जीव वाचला, पण मास्तर लाजेने अर्धे झाले. दवाखान्यातून घरी येताना टॅक्सीत ते बायकोला म्हणाले, "कुणाला कळता कामा नये. कुणाला म्हणजे कुणालाच नाही."

"पोरीलासुद्धा नाही?"

"नाही."

"आणि माझ्या आईला?"

मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. बायको समजली.

तिची आई त्याच सुमाराला त्यांच्याकडे कायमची राहायला आली होती. ती भाड्याने राहत असलेली इमारत पाडली गेली, आणि मुलगी एकुलती एक. सासूबाईंचा जन्म शाळेच्या भटारखान्यात गेला होता. रोज शे-दोनशे पोरांचं शिजवून वाढणारी बाई, त्यामुळे आवाज चढा आणि जीभ धारदार. पण जावयाशी बोलायची वेळ आली की तीही मोजकंच बोले. 'अहो' आणि 'तुम्ही' यापलीकडे दोघांचं कधी गेलं नव्हतं.

पोटाचं ऑपरेशन झालंय, वजन उचलायचं नाही, एवढंच सगळ्यांना सांगितलं गेलं. उकिडवं बसणं सुटलं तशी मास्तरांनी फरश्यांच्या दुकानात नमुने दाखवायची नोकरी धरली. चकती आणि पिशवी बदलायची असे त्या सकाळी नवराबायको न्हाणीघरात कडी लावून घेत. चकतीचं भोक स्टोमाच्या मापाचं कापावं लागतं. लहान झालं तर तो कापतो, मोठं झालं तर बाजूची कातडी सोलून निघते. ते माप बायकोच्या हातात बसलं होतं. मास्तर छताकडे बघत उभे राहत आणि ती बडबडत काम करत राही. स्टोमाला तिने 'पाहुणे' असं नाव ठेवलं होतं. "आज पाहुणे नाराज दिसतात. काल वांगी खाल्लीत ना?" मास्तरांना हसू आवरायचं नाही.

न्हाणीघराच्या भिंतीपलीकडे सासूबाईंची खोली होती. कडी लागल्याचा आवाज, मग मुलीचं बोलणं, मग जावयाचं हसणं, आणि तासाभराने मुलगी घामाघूम होऊन बाहेर. कधी पहाटे उठून चादरी धुतेय. विचारलं तर म्हणायची, "काही नाही गं, यांना जरा मदत लागते." सासूबाईंनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला, आणि तो मनात धरून ठेवला.

ऑपरेशननंतरच्या चौथ्या हिवाळ्यात मास्तरांची बायको भाजी घेऊन जिना चढत होती. मधेच पायरीवर बसली. शेजारीण म्हणाली, काय झालं? तर म्हणाली, "दम लागलाय, दोन मिनिटं बसते." पिशवीचे बंद हातात तसेच धरलेले, आणि गेली. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

मागे उरले जावई आणि सासू. दोघांनाही दुसरीकडे जायला जागा नव्हती. मास्तरांची मुलगी लांबच्या शहरात, सातवा महिना लागलेला. तिला प्रवासाची मनाई होती. एका घरात दोन माणसं अशी राहू लागली की एक खोलीत आलं की दुसरं उठून जाई. "वाढलंय." "हो." "दिवा मालवा." "हो." बास. ज्या बाईमुळे ते एकमेकांचे कोणी लागत होते, तीच आता नव्हती.

पिशवी मास्तर स्वतःच बदलू लागले. छताकडे बघून आता चालणार नव्हतं. ज्या हातांनी फरशीला केसाएवढी फट राहू दिली नाही, ते हात स्वतःच्या पोटावर आले की चुकत. भोक नेहमी मोठंच कापलं जाई. कातडी सोलली, आग व्हायला लागली. सांगणार कुणाला?

अशात तपासणीची तारीख आली. कॅन्सर पुन्हा कुठे डोकं वर काढत नाही ना, हे बघायला ठरावीक वर्षांनी कोलोनोस्कोपी करतात. आतड्यात बारीक दुर्बीण घालून आतून बघायचं. स्टोमा असलेल्यांची दुर्बीण स्टोमातूनच जाते. पहिल्या खेपेला सगळं बायकोने निभावलं होतं. या खेपेला मास्तर एकटेच दवाखान्यातल्या नर्सबाईंसमोर बसले. दणकट बांध्याच्या, मोठ्याने बोलणाऱ्या, स्टोमाच्या रुग्णांचंच बघणाऱ्या.

"तीन दिवस आधीपासून साल नाही, बी नाही, पालेभाजी नाही, डाळ नाही. मऊ भात, टोस्ट, अंडं, उकडलेला बटाटा. आदल्या दिवशी खाणं बंद, फक्त आरपार दिसेल असं पातळ. दुपारी हे जुलाबाचं औषध दोन लिटर पाण्यात मिसळून हळूहळू संपवायचं, पहाटे पुन्हा एकदा. तुमची रोजची बंद पिशवी त्या दिवशी चालायची नाही. पाण्यासारखं येतं, बदलून बदलून दमाल. ही घ्या मोठी, खालून तोंड उघडणारी. कमोडवर बसायचं, तोंड खाली सोडायचं, की झालं. कातडीला मलम आधीच लावा. आणि येताना सोबत घरचं माणूस हवं. गुंगीचं इंजेक्शन देतो आम्ही, एकट्याला सोडत नाही. मागे बाई आल्या होत्या ना? त्यांना सगळं पाठ आहे."

"हो," मास्तर म्हणाले.

ती गेली, हे त्यांच्या तोंडून निघालंच नाही. दुकानातल्या कुणाला सोबत न्यावं असा विचार त्यांनी बाहेर बाकावर बसून बराच वेळ केला. मालक चांगला होता. नुसतं म्हटलं असतं तर आला असता. पण आला असता म्हणजे त्याला कळलं असतं. मास्तर उठले आणि घरी आले. त्या दिवशी बघू, असं ठरवून टाकलं.

तीन दिवसांचं खाणं सुरू झालं. सासूबाईंनी डाळ वाढली, मास्तरांनी बाजूला सारली. दुसऱ्या दिवशी भाजी सारली.

"माझ्या हातचं नकोसं झालंय का?" त्यांनी विचारलं.

"तसं नाही. पोट बरं नाही."

"मग डॉक्टरकडे जा."

"जाणार आहे."

आदल्या दिवशी तर त्यांनी ताटाला हातच लावला नाही. दुकानातून रजा घेतली होती, हे सासूबाईंना ठाऊक नव्हतं. माणूस सकाळपासून घरात, दाढी केलेली, कपाटातली फाईल काढून टेबलावर ठेवलेली, घराच्या किल्ल्या तिच्यावर. सकाळीच मुलीशी फोनवर बोलताना, "जपून राहा, आम्ही इथे ठीक आहोत, आमची काळजी करू नकोस," असं काहीतरी म्हणत होता. एरवी फोनवर 'हं'च्या पुढे न जाणारा माणूस. सासूबाई दर थोड्या वेळाने दारातून डोकावून बघत राहिल्या.

दुपारी त्या पाणी प्यायला स्वयंपाकघरात आल्या. मास्तर टेबलाशी उभे होते. काचेच्या जगमध्ये पाणी भरून त्यात पांढरी भुकटी टाकून चमच्याने ढवळत होते.

"काय आहे ते?"

"औषध."

"एवढं भांडंभर?"

मास्तरांनी पेला भरला, एका हाताने नाक दाबलं आणि तोंडाला लावला.

सत्तरी कधीच ओलांडलेली ती बाई, गुडघ्यांनी धड चालता न येणारी, पण तिने झेप घेतली ती पोरीसारखी. पेल्याला फटका बसला. जगला कोपर लागलं. सगळं पाणी टेबलावरून खाली, मास्तरांनीच बसवलेल्या फरशीवर.

"नाही!" त्या ओरडल्या. "माझी पोरगी गेली, ती बघितली मी. आता तुम्हीपण माझ्यासमोर? तुमच्या लेकीच्या पोटात लेकरू आहे. काय सांगू तिला? कोणत्या तोंडाने सांगू?"

मास्तरांना क्षणभर काही उमगेना. हात ओले, शर्ट ओला, आणि समोर सासूबाई वाट अडवून उभ्या. मग लक्षात आलं.

"आई," ते म्हणाले. असं त्यांनी त्यांना आजवर कधी म्हटलं नव्हतं. "विष नाही हो. जुलाबाचं औषध आहे."

"काय?"

"जुलाब व्हावेत म्हणून."

"जुलाब व्हावेत म्हणून औषध? एवढं? कुणाला मारायला निघालाय का काय?" आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या, आणि रडायला लागल्या. मुलगी गेली तेव्हासुद्धा मास्तरांनी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. तोंड उघडं, चष्मा नाकावरून घसरलेला.

मास्तर समोर बसले. सांगायला सुरुवात केली ती फरशीकडे बघत. कॅन्सर, ऑपरेशन, पिशवी, उद्याची दुर्बीण. आयुष्यात एका दमात ते एवढं बोलले नव्हते.

सासूबाई ऐकत राहिल्या. मग चष्मा पुसून म्हणाल्या, "दाखवा."

"काय?"

"ते. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला काही खरं वाटत नाही."

"नको. तुम्ही..."

"माझ्या पोरीने बघितलं ना? मग मलाही बघू दे."

मास्तरांनी शर्ट वीतभर वर केला. सासूबाईंनी खाली वाकून बघितलं, पातेल्याला बुडाशी लागलंय का बघावं तसं. पिशवीच्या कडेने लाल झालेली कातडी दिसली.

"दुखतं?"

"त्याला नाही दुखत. भोवती आग होते."

"माझी पोरगी लावायची तेव्हा होत होती?"

"नाही."

सासूबाईंनी शर्ट खाली ओढला. मग हळूच म्हणाल्या, "मला वाटायचं, तुम्ही धडधाकट माणूस, आणि माझ्या पोरीकडून अंघोळ घालून घेता. आत कडी लावून हसता. आळशी म्हणायची मी तुम्हाला, तिच्या तोंडावर. मोलकरीण केलीय तुझी, म्हणायची."

"ती काय म्हणायची?"

"हसायची. म्हणायची, आई, पाहुणे आहेत गं घरी, करावं लागतं. मला वाटायचं पाहुणे म्हणजे मीच. टोमणा मारतेय."

मास्तर हसले. आपल्या आईला आपल्या नवऱ्याविषयी काय वाटतं, हे तिने मास्तरांना कधी कळू दिलं नव्हतं. आणि मास्तरांना काय झालंय, हे आईला. दोघांचंही तिने पोटात ठेवलं आणि वर दिवसभर बडबड केली. तो ओला शर्ट घालून मास्तर तसेच बसून राहिले, आणि त्यांचे डोळे वाहायला लागले.

सासूबाईच आधी उठल्या. "त्या भुकटीचं काय? आणखी मिळेल?"

"केमिस्टकडे मिळेल. मी जातो."

"पोटात काही नाही तुमच्या, चक्कर येऊन पडाल. चिठ्ठी द्या इकडे."

गुडघे धरत त्या जिना उतरल्या आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन आल्या. येताना भुकटीची पाकिटं आणि सफरचंदाच्या गाळलेल्या रसाची बाटली. दम लागला होता, पण बोलणं सुरू होतं. "तो मुलगा म्हणतो, कुणासाठी? म्हटलं, जावयासाठी, पोटावर पिशवी आहे त्यांच्या, उद्या दुर्बीण घालणारेत."

"मोठ्याने सांगितलंत?"

"मला हळू बोलता येतं का? रांगेत चार माणसं होती. कुणी काही म्हणालं नाही. तो मुलगा म्हणाला, त्याच्या मावशीलाही आहे."

मास्तरांनी पाकिटं मोजून टेबलावर ठेवली. ज्या गोष्टीसाठी त्यांनी चार वर्षं जीव मुठीत धरला, ती या बाईने केमिस्टच्या दुकानात सांगून टाकली होती, आणि आभाळ कोसळलं नव्हतं. याचं बरं वाटावं की वाईट, हे त्यांना कळेना. बायकोला एवढं लपवायला लावलं ते मग कशासाठी, हा विचार आला आणि तो काही केल्या जाईना.

संध्याकाळपर्यंत औषध आपलं काम करायला लागलं. मास्तर न्हाणीघरात कमोडवर, पिशवीचं तोंड खाली सोडलेलं. सुरुवातीला जाड, मग पातळ, मग नुसतं पाणी. पोटात गुरगुर चालू. सासूबाई दाराबाहेर स्टूल टाकून बसल्या. अधूनमधून दार किलकिलं करून रसाचा पेला आत सरकवत, नजर दुसरीकडे ठेवून. दारातूनच मुलीच्या लहानपणाच्या गोष्टी सांगत. शाळेच्या भटारखान्यात ओट्याखाली झोपायची, जाग आली की पोरांच्या रांगेत जाऊन ताट घेऊन उभी राहायची. मास्तरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. एवढं बोलणारी बाई, पण स्वतःचं असं काही तिने सांगितलंच नव्हतं, की आपण विचारलं नव्हतं?

मग चकती एका बाजूने सुटली. पाणी पोटावरून मांडीवर आलं. मास्तरांनी नवी चकती घेतली, पण उपाशी अंगाने हात इतके कापत होते की कात्री धरवेना. ते तसेच बसून राहिले. अखेर आतून आवाज आला, "आई, जरा येता का?"

सासूबाई आत आल्या. टॉवेल त्यांच्या मांडीवर टाकला, चष्मा सारखा केला आणि कात्री घेतली. पहिलं भोक लहान झालं. दुसरं वाकडं. "थांबा, घाई नका करू मला," त्या म्हणाल्या, मास्तर काही न बोलताही. तिसरं बसलं. त्यांनी कोमट पाण्याने कातडी पुसली, कोरडी केली, चकती लावली आणि तळहात त्यावर दाबून धरला, कारण ती ऊब लागल्याशिवाय घट्ट चिकटत नाही, असं मास्तरांनी सांगितलं होतं. तो हात तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "अशीच धरायची का ती?"

"हो."

सासूबाईंनी हात आणखी थोडा वेळ ठेवला, मग खालचं पाणी पुसायला घेतलं.

सकाळी टॅक्सीने दवाखान्यात गेले. पिशवीत येणारं पाणी फिकट पिवळं, स्वच्छ झालं होतं, म्हणजे पोट साफ. नर्सबाईंनी दारातच विचारलं, "बाई कुठायत आज?"

मास्तर कपडे बदलायला आत निघाले होते. सासूबाई म्हणाल्या, "ती गेली. मी तिची आई."

नर्सबाईंच्या हातातला कागद खाली आला. त्या शेजारी येऊन बसल्या. "मला एका शब्दाने बोलले नाहीत हो. मागच्या खेपेला इथेच बसल्या होत्या त्या. मला म्हणाल्या, सगळं नीट शिकवा मला, यांना कुणासमोर उघडं व्हायला लागू नये. शिकता शिकता मला हसवून हसवून बेजार केलं." सासूबाई मान हलवत राहिल्या. आपल्या मुलीबद्दल नवं काही ऐकायला मिळण्याची त्यांनी आशा सोडली होती.

तपासणी झाली. मास्तरांना बाहेरच्या खोलीत आणून निजवलं. गुंगी पुरती उतरली नव्हती. डोळे अर्धे उघडून ते म्हणाले, "ती कुठेय?"

सासूबाईंनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला.

"तिला म्हणावं, खाऊन घे. सकाळपासून उपाशी असेल. माझ्यासाठी बसून राहते."

"सांगते."

"बाहेर आहे का?"

सासूबाईंनी खोलीभर नजर फिरवली. पडदे, रिकामी खाट, भिंतीवरचं घड्याळ. "हो," त्या म्हणाल्या. "बाहेर आहे. झोपा तुम्ही."

मास्तर झोपले. जागे झाले तेव्हा त्यांना आपण काय विचारलं ते आठवत होतं. त्यांनी सासूबाईंकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. पिशवी हवेने फुगली होती. नर्सबाई येऊन ती रिकामी करून गेल्या.

डॉक्टर म्हणाले, आतून सगळं ठीक दिसतंय. दोन बारीक गाठी होत्या, त्या काढल्या, तपासायला पाठवतो. काळजीचं काही वाटत नाही. पुढची तपासणी तीन वर्षांनी. मास्तरांनी ऐकलं, 'बरं' म्हणाले. पहिल्या खेपेला हेच ऐकून बायकोने डॉक्टरांचे दोन्ही हात धरले होते आणि टॅक्सीवाल्यालाही बातमी सांगितली होती. या खेपेला टॅक्सीत कुणी बोललं नाही.

गाठींचा अहवालही चांगला आला. त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "तीन वर्षांनी मी असेन-नसेन. पोरीला सांगून ठेवा." मास्तरांनी फोन केला. मुलगी सगळं ऐकून घेऊन एकच म्हणाली, "आईनेपण मला सांगितलं नाही?" आणि फोन ठेवला. पुढचे कितीतरी दिवस तिने फोन उचलला नाही. बाळ झाल्यावर आजीलाच कळवलं, आजीने मास्तरांना सांगितलं. ती बोलायला लागली, पण ते दुखणं तिच्या मनातून पुरतं गेलं नाही. आई गेल्यावर तिच्याशी भांडायचीसुद्धा सोय नव्हती.

सासूबाई त्यानंतर दोन हिवाळे होत्या. चकतीचं भोक त्याच कापत. शेवटच्या आजारात त्यांना उठता येईना, तेव्हा मास्तर त्यांना पुसून काढत, चादर बदलत, आणि त्या डोळे मिटून घेत. एकदा म्हणाल्या, "आता कळलं मला, तुम्हाला का लाज वाटायची ते." एका सकाळी मास्तर चहा घेऊन गेले तर त्या गेलेल्या होत्या.

तिसऱ्या वर्षी मुलगी आली. बाळाला नवऱ्याजवळ ठेवून एकटीच. आदल्या दिवशी न्हाणीघराच्या दाराबाहेर तीच बसली. दवाखान्यात नर्सबाई निवृत्त झाल्या होत्या, नव्या मुलीला यांच्यापैकी कुणीच ठाऊक नव्हतं. मुलीने विचारलं, "आई कुठे बसायची, बाबा?"

मास्तरांनी खोलीकडे बघितलं. "खिडकीशी होतं बाक. आता खुर्च्या केल्यात."

मुलगी जाऊन खिडकीशी बसली. आतून हाक आली. मास्तरांनी चष्मा काढून तिच्या हातात दिला आणि आत गेले.